तिसरी पिन

दाढीवाल्याने चेनचा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "काकू, हा तर जसाच्या तसा आहे. मग तुम्ही हत्यारं कशावर चालवून बघितली?"

मी त्याच्या सायकलच्या दुकानात दोन हत्यारं परत करायला गेले होते. वाटेत चेन तुटली तर कडीची पिन दाबून काढायची, तुटकी कडी बाजूला करायची आणि चेन पुन्हा जोडायची, एवढ्यासाठी असतात ती. चेन टूल म्हणतात ही मंडळी. गुरुवारी त्याने मला तीन दिली होती, "घरी नेऊन बघा, आवडेल ते ठेवा" म्हणून. सोबत टाकाऊ चेनचा हा वीतभर तुकडाही दिला होता.

"कशावर म्हणजे? सुनेच्या चेनवर," मी म्हटलं. "जिच्यासाठी घ्यायचं, तिच्याच चेनवर नको का बघायला?"

"तिच्या चालू सायकलच्या?"

"हो."

"मग परत जोडलीत कशाने?"

मला हसूच आलं. "कशाने जोडणार बाबा? तीच पिन परत दाबली. तू जन्मायच्या आधीपासून दाबतेय."

तो हसला नाही. तुकडा त्याने हळूच काउंटरवर ठेवला.

"किती ठिकाणी, काकू?"

"तीन हत्यारं, तीन ठिकाणी."

"आणि सायकल आत्ता कुठे आहे?"

"सुनेकडे. डोंगरावर."

मग त्याने मला समजावून सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, त्याचीच मला जास्त भीती वाटली. आमच्या काळच्या चेन जाड होत्या, पिन घट्ट बसायची, दहा वेळा काढा आणि घाला. ही बारा गियरची चेन पातळ. हिच्या पिनेचं टोक कारखान्यात कडीच्या पत्र्यावर पसरवलेलं असतं आणि तेच पत्रा धरून ठेवतं. एकदा पिन दाबली की ते टोक कापलं जातं. पिन परत बसते, दिसायला झकास दिसते, पण धरून काही राहत नाही.

"म्हणून तर तो तुकडा दिला होता," तो म्हणाला. "आणि जोडायला ती वेगळी कडी, क्विक लिंक. एकच दिली होती, कारण एकच लागते."

"तुटेल कधी?"

"सपाटीला चालेलही महिनाभर. चढावर उभं राहून पॅडल मारलं की..." त्याने वाक्य सोडून दिलं.

पुढचं मला कोणी सांगायला नको होतं. पस्तीस वर्षं मी सायकली दुरुस्त केल्या, तुटलेल्या चेनवाले लोकही पाहिले. उभं राहून सगळा भार एका पॅडलवर टाकलेला असताना चेन गेली, तर पाय हवेत जातो, छाती हँडलवर आपटते आणि सायकल तिला वाटेल तिकडे वळते. रस्त्यावर गुडघे फुटतात. सून रस्त्यावर नव्हती.

तिने गेल्याच आठवड्यात जेवताना सांगितलं होतं. तळ्याच्या कडेने डोंगराचा एक सोंडेसारखा भाग पुढे आलाय, त्याला हे सायकलवाले नाक म्हणतात. डावीकडे खडक, उजवीकडे सरळ खाली पाणी, मध्ये दोन वितींची वाट आणि तीही चढती. "तिथे थांबायचं नसतं, आई. उभं राहून पूर्ण जोर लावायचा. तीनदा प्रयत्न केला, अर्ध्यावर पाय टेकला. या रविवारी करतेच बघा." मी म्हटलं होतं, कर ना, तुझ्या नाकावर राग आहे तेवढा पायात आण म्हणजे झालं. ती हसली होती. आज तो रविवार होता.

मी फोन लावला. लागला नाही. परत लावला. तळ्याकडे फोन लागत नाही हे मला माहीत होतं, तरी सहा वेळा लावला. मुलाला लावायला बोट उचललं आणि खाली घेतलं. तो कारखान्यात पाळीवर होता, तिथून काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला त्याला तोंड दाखवायची भीती वाटली. तुझ्या बायकोच्या सायकलला मी तीन ठिकाणी खोट घालून ठेवलीय, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते?

दाढीवाल्याने शटर अर्धं ओढलं. "व्हॅनमध्ये बसा," म्हणाला. "कुठून सुरू करते ती?"

"आधी तळ्याला दोन फेऱ्या. अंग गरम झालं की नाक. आठ वाजता निघाली घरून."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा झाले होते. दोन फेऱ्या एव्हाना व्हायलाच हव्या होत्या.

व्हॅनमध्ये मागे चाकं खडखडत होती. मी मांडीवर हात घट्ट दाबून बसले होते. या हातांचा मला किती गर्व होता म्हणून सांगू. दुकान आमच्या ह्यांच्या नावावर, पण ते बसायचे गल्ल्यावर आणि गप्पा मारायचे; पाना माझ्या हातात. गिऱ्हाईक म्हणायचं, बाईंनी चेन जोडली की जोड कुठे आहे तो शोधून दाखवा. आणि खरंच सापडायचा नाही. पिन कधी पूर्ण बाहेर काढायची नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. पलीकडच्या पत्र्यात केसभर अडकून राहू द्यायची, मग परत दाबली की सरळ जाते. त्या केसभर जागेवर माझा हात आपोआप थांबायचा. बघायचीसुद्धा गरज पडायची नाही. हे गेले, दुकान बंद झालं, पण हात विसरला नाही.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली. भांडण नाही, पण आमच्यात पाहुण्यांसारखं चालायचं. आई, चहा ठेवू का? नको, मी ठेवते. आई, तुमचा नंबर वाढलाय, या एकदा दुकानात. येईन हं. मी काही गेले नाही. मग मागच्या सोमवारी ती सायकलचं चाक धरून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला एक चेन टूल घ्यायचंय. त्यातलं मला कळत नाही. तुम्हीच निवडाल का?"

चार वर्षांत तिने मला पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी वरवर म्हटलं, बघू. आतून मी केवढी फुगले ते मलाच ठाऊक.

आणि त्या फुगण्यातच घात झाला. दाढीवाल्याने टाकाऊ तुकडा दिला तेव्हा मला राग आला. मला तुकड्यावर शिकवतोय, शाळेत घातल्यासारखं! घरी येऊन तो मी डब्यात टाकला. शुक्रवारी ती कामावर गेली तेव्हा सायकल मागच्या खोलीत घेतली, जुन्या बाकावरची धूळ पुसली आणि बसले. पहिलं हत्यार दहा पान्यांच्या घडीत कोपऱ्यात लपलेलं, मूठ बोटभर. पिन दाबली तर माझ्या तळहाताला वळ उठला. तिचे हात तर माझ्याहून लहान. दुसरं लाकडी मुठीचं, दणदणीत. पिन सुळकन सरकली, पण एवढं धूड पाठीवर घेऊन डोंगर कोण चढेल? तिसऱ्याचा दांडा घडीचा, मुठीत मावेल एवढं, चेन सरळ पकडून ठेवायचं, आणि मुठीच्या पोटात ती जोडायची कडी ठेवायला खाच; दाढीवाल्याने दिलेली कडी मी तिथेच ठेवली. तिसरंच. प्रत्येकाने मी एकेक पिन दाबली, प्रत्येक पिन परत बसवली, बोट फिरवून पाहिलं आणि स्वतःवर खूश झाले. संध्याकाळी ते हत्यार तिच्या हातात ठेवलं तेव्हा तिने मला पटकन मिठी मारली. तेही पहिल्यांदाच.

व्हॅन तळ्याशी थांबली.

"मी वरच्या रस्त्याने वळसा घालून नाकाच्या पलीकडून येतो," दाढीवाला म्हणाला. "तुम्ही गाडीतच—"

मी दार उघडून उतरलेसुद्धा.

"वीस मिनिटांची चढण आहे, काकू."

"मग बोलण्यात वेळ घालवू नकोस," मी म्हटलं आणि चालू लागले.

वाट झाडांतून वर जात होती. मातीत टायरचा ठसा होता, ताजा की जुना ते मला कळेना. मी चालत होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. देवाला सांगत होते की स्वतःला शिव्या देत होते, कोण जाणे. मधेच थांबून ऐकायचे. कोणी ओरडतंय का, पाण्यात काही पडल्याचा आवाज येतोय का. नुसती पानं हलायची.

आणि चालता चालता, लाज वाटते सांगायला, मी थापही रचत होते. भेटली तर सांगायचं, पोटात फार दुखतंय, घरी चल. घरी गेलं की गुपचूप नवी चेन घालायची. कोणाला पत्ता लागायचा नाही. दाढीवाल्याला हात जोडीन.

एका वळणावर मला ते दिसलं. वाटेच्या कडेला सपाट दगड, दगडावर काळ्या बोटांचे डाग, आणि खाली गवतात चकाकणारी एक कडी. मी वाकून उचलली. तिचा एक पत्रा वाकून उघडा पडला होता. पिन माझीच होती. हे मात्र चष्म्याचा नंबर वाढलेल्या डोळ्यांनाही दिसलं.

म्हणजे एक तुटली होती. इथे, साध्या चढावर. रक्त कुठे नव्हतं. दगडावर बसून तिने ती काढली होती, माझ्या हत्याराने, आणि ती एकमेव क्विक लिंक घालून चेन जोडली होती. पहिल्यांदाच करत होती, अर्धा तास तरी गेला असेल. म्हणूनच तिला उशीर झाला असणार. माझा जीव क्षणभर भांड्यात पडला आणि लगेच परत बाहेर आला, कारण टायरचा ठसा पुढे वर गेला होता. तिला वाटलं असेल, झालं, दुरुस्त झाली. दोन अजून चेनमध्ये होत्या.

मी धावले. या वयात धावणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. छातीत भाता चालला होता. झाडं संपली, एकदम उजेड आला, आणि समोर नाक.

ती त्याच्यावर होती.

पायथ्यापासून पंधरा-वीस हात वर. पॅडलवर उभी, पाठ वाकलेली, डोकं खाली. डावीकडे खडक, उजवीकडे काहीच नाही. खाली तळ्याचं पाणी हिरवं, स्थिर.

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ओरडले तर ती दचकेल, मान वळवेल, आणि दोन वितींच्या वाटेवर मान वळवणं म्हणजे संपलंच. नाही ओरडले तर पुढच्या पॅडलला चेन जाईल. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. तिचा उजवा पाय खाली गेला. काही झालं नाही. डावा खाली गेला. काही झालं नाही. प्रत्येक वेळी चेन ताणली जाताना मला दिसत होती, म्हणजे दिसत नव्हती, पण माझ्या हाताला कळत होती. माझ्या दोन पिना फिरत फिरत वर येत होत्या, दातेरी चाकावर चढत होत्या, उतरत होत्या. मी आयुष्यात एवढी घाबरले नाही. हे गेले त्या दिवशीही नाही; तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कट्.

लहानसा आवाज. पॅडल एकदम हातभर घसरलं, सायकल झोकांडली. उजवीकडे झुकली, मग तिने अंग टाकलं आणि ती डावीकडे खडकावर आदळली. कोपर खरचटल्याचा आवाज मला खालपर्यंत आला. पाय टेकलेला होता. ती उभी होती.

"श्शी!" ती वैतागून म्हणाली. आणि मग खाली बघून, "आई? तुम्ही? इथे?"

मी होते तिथेच मातीत बसले.

ती सायकल हाताने धरून उतरून आली. तोंडावर घाम, बोटं काळी, कोपराला रक्त, आणि डोळे लहान पोरीसारखे चमकत होते. "आई, माहितीये का, खाली चेन तुटली! आणि मी जोडली! तुम्ही दिलेल्या टूलने, एकटीने! तुम्ही असता तर पाच मिनिटांत केलं असतं, मला पाऊण तास लागला. पण केलं."

पोटात दुखतंय, हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. एवढंच म्हणायचं होतं. ती लगेच निघाली असती, मला धरून उतरवलं असतं, वर कौतुक केलं असतं.

"तुटली नाही ती," मी म्हटलं. "मी तोडली."

आणि सगळं सांगितलं. हत्यारं, तुकडा, माझा ताठा, तीन पिना. सांगताना तिच्याकडे बघवेना म्हणून तिच्या बुटांकडे बघत होते. तिने वळून नाकाकडे पाहिलं, मग खाली पाण्याकडे, आणि तिथेच बघत राहिली.

मग ती म्हणाली, "एक तुटली. उरल्या दोन. कुठे आहेत?"

सायकल उलटी केली. ती पॅडल हळूहळू फिरवत गेली आणि दोघी एकेक कडी बघत गेलो. दुसरी लगेच सापडली. पत्रा पिनेवरून अर्धा निसटून बाहेर आला होता, तोच चाकाच्या दात्यांत अडकून पॅडल घसरलं होतं. नखाने ढकलला तर हलला. आणखी एक जोर, फार तर दोन.

तिने ती बघितली आणि डोळे मिटून घेतले.

"तिसरी?" ती म्हणाली.

मी शोधायला लागले. शंभरावर कड्या. धूळ, तेल, सगळ्या सारख्या. एकदा पूर्ण चेन फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. बोट फिरवलं, नख लावलं. शुक्रवारी कुठे बसले होते, कुठली कडी हातात घेतली होती, आठवून आठवून डोकं दुखायला लागलं. नाही सापडली.

"मला बघू द्या," ती म्हणाली आणि अगदी जवळ डोळे नेऊन बघू लागली. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी बाई, हिला बारीकातलं बारीक दिसतं. तिलाही सापडली नाही.

"तुम्हीच केलीय ना, आई? तुम्हाला ओळखता येत नाही?"

"नाही गं," मी म्हटलं. "चांगलं केलंय ना." आणि मला रडू फुटलं. गिऱ्हाइकांनी वाखाणलेलं माझं सगळं काम त्या एका कडीत बसलं होतं आणि कुठे बसलंय ते मला सांगता येत नव्हतं.

ती माझ्या शेजारी मातीत बसली. माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, काही समजावलंही नाही. तेवढं तिचं बरोबर होतं. वरून दाढीवाल्याची हाक ऐकू आली, तो पलीकडून येत होता. तिने ओरडून सांगितलं, आम्ही ठीक आहोत. मग पाठीवरची पिशवी पुढे घेतली, हत्यार काढलं, त्याचा घडीचा दांडा उघडला आणि माझ्यापुढे धरलं.

"काढून टाका," ती म्हणाली. "अख्खी. चालत जाऊ."

मी हाताला लागली ती पहिली कडी धरली, खाचेत बसवली आणि दांडा फिरवू लागले. हत्यार छान होतं, पिन सरळ सरकत होती. एका जागी माझा हात थांबला. केसभर उरली होती. पस्तीस वर्षं जिथे थांबत आला तिथेच थांबला, मी न सांगता.

सून माझ्या हाताकडे बघत होती.

मी दांडा आणखी फिरवला. पिन बाहेर आली आणि गवतात पडली. चेन सुटून माझ्या मांडीवर आली. पिन शोधायला मी वाकले नाही.